मोटारींची कारखान्यातली नावे

मोटार विकली जाते ती नावाने. परंतु कारखान्यात, सुट्या भागांच्या यादीत आणि जाणत्या मेकॅनिकच्या तोंडी ती ओळखली जाते एका रूक्ष संकेतांकाने. नव्या मॉडेलच्या आराखड्याचे काम ते बाजारात येण्याच्या कित्येक वर्षे आधी सुरू होते, तेव्हा त्याचे बारसे झालेले नसते. आणि पुढे ठरलेले नाव पिढ्यान्‌पिढ्या निरनिराळ्या गाड्यांना चिकटत जाते, त्यामुळे एका विशिष्ट रचनेचा बोध होईल असा स्वतंत्र अंक ठेवणे उत्पादकाला भागच पडते. आरसी बुकातील चेसिस नंबर ही मात्र वेगळी बाब आहे, कारण ती १७ अक्षर-अंकांची मालिका एकाच गाडीची असते, तर संकेतांक साऱ्या कुळाचा असतो.

या पद्धतीचा सर्वांत रेखीव नमुना म्हणून मर्सिडीज-बेंझने १९८४ साली आणलेल्या १२४ या मालिकेकडे पाहता येते. सेडानला ‘डब्ल्यू १२४’ म्हणतात, आणि त्यातील ‘डब्ल्यू’ हे ‘वागेन’ म्हणजे गाडी या जर्मन शब्दाचे आद्याक्षर आहे. याच मालिकेतील इस्टेट ‘एस १२४’, कूपे ‘सी १२४’ आणि उघड्या टपाची कॅब्रिओले ‘ए १२४’ होते. यापुढे आणखी तीन अंक जोडले की बॉडी आणि इंजिन दोन्ही उलगडतात: १२४.०३० म्हणजे ३०० ई सेडान, १२४.०५० म्हणजे कूपे, १२४.०९० म्हणजे इस्टेट. १२४.०३६ ही पाच लिटरचे व्ही-८ इंजिन असलेली ५०० ई असून तिच्या जुळणीत स्टुटगार्टच्या झुफेनहाउझेन भागातील पोर्शेच्या कारखान्याचा वाटा होता. डिकीवरची ‘५०० ई’ ही अक्षरे कोणीही विकत आणून चिकटवू शकतो. युरोपीय पद्धतीच्या चेसिस नंबरात ‘डब्ल्यूडीबी’नंतर कोरलेले १२४०३६ मात्र तसे बदलता येत नाही, म्हणून संग्राहक आधी तेच वाचतो.

नाव किती चंचल असते हे १९९३ साली दिसले, कारण त्या वर्षी गाडी बहुतांशी तीच राहून अक्षर आकड्याच्या आधी आले आणि ‘ई-क्लास’ हे नाव रूढ झाले. १२४ हा अंक मात्र जागचा हलला नाही. मर्सिडीजने भारतात १९९५ साली पिंपरीच्या टेल्कोच्या आवारात पहिली ई-क्लास बांधली ती डब्ल्यू १२४च होती, आणि त्याच वर्षी युरोपात तिची जागा डब्ल्यू २१० घेत होती. भारतीय ग्राहकाला नवी म्हणून मिळालेली ई-क्लास तिच्या मायदेशी निवृत्तीच्या वाटेवर होती, हे सत्य नावाने झाकले आणि अंकाने उघड केले.

इतर कंपन्यांचे व्याकरण निराळे आहे. बीएमडब्ल्यूचा जुना ‘ई’ हा ‘एंटविकलुंग’ म्हणजे विकसन या शब्दाचा. तिथे बॉडी बदलली की अक्षर नव्हे तर अंक बदलतो, त्यामुळे ई ९० ही सेडान, ई ९१ इस्टेट, ई ९२ कूपे आणि ई ९३ उघड्या टपाची ठरते. टोयोटाच्या एई ८६ मध्ये ‘ए’ इंजिनाचे कुळ सांगतो आणि ‘ई’ कोरोला घराणे. पोर्शेचा ९०१ हा अंतर्गत अंक १९६३ साली थेट नाव म्हणून मिरवला, पण मध्ये शून्य असलेल्या तीन अंकी नावांवर प्यूजोने हक्क सांगितल्याने त्याचे ९११ झाले. पुढे ९९७ नंतर ९९१ आल्याने अंकांवरून पिढ्यांचा क्रम लावू पाहणारा फसतो. तसेच डब्ल्यू २०१ हा अंक मर्सिडीजच्या १९० मालिकेचा आहे आणि महिंद्राच्या एक्सयूव्ही ५०० या प्रकल्पाचाही, तेव्हा कंपनीचे नाव न घेता नुसता अंक सांगण्यात अर्थ नसतो.

मर्सिडीजने चाकणला २०१७ पासून काही वर्षे बांधलेली ई-क्लास ही लांब चाकतळाची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली, ‘व्ही २१३’ होती. हे अंतर युरोपातील डब्ल्यू २१३ पेक्षा १४० मिलिमीटरने जास्त असून मागचे दारही लांब आहे, त्यामुळे एकीचे मागचे दार दुसरीला बसत नाही. म्हणून जुन्या गाडीसाठी सुटा भाग मागवताना नाव आणि साल सांगून थांबू नये. पूर्ण चेसिस नंबर द्यावा आणि विक्रेत्याकडून संकेतांक ताडून घ्यावा.