पाठ जाळाकडे

शेकोटीपाशी तोंड जाळाकडे करून बसायचं, असं शहरातून हुरडा खायला आलेल्याला वाटतं. बुलडाण्यात घाटावर हरभऱ्याची जागल करणारा मात्र पाठ जाळाकडे आणि तोंड पिकाकडे ठेवतो. जाळाकडे पाहत राहिलं की डोळे दिपतात, मग अंधारात काही दिसत नाही. "जाळच पाह्यत बसशील तं रोही वावर चरून जाईन, अन् तुले पत्ताबी लागनार नाई," मामांनी मला सुरुवातीलाच बजावलं होतं.

मामांचं वावर बोथ्याच्या जंगलाला लागून. हे जंगल म्हणजे १९९७ साली घोषित झालेलं, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं ज्ञानगंगा अभयारण्य. त्यात बिबट आहे, अस्वल आहे. पण पिकाचे वैरी दोन, रोही म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर. रोही शेंडे खुडत जातो, डुकरांचा कळप वावर उकरून, तुडवून टाकतो.

जाळ करायलाही रीत लागते. जागा बांधाच्या आडोशाला, भोवतालचं वाळलं गवत आधी उपटून टाकलेलं. तुराट्या भडकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात, म्हणून त्या फक्त पेटवायला. त्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या. रात्र निभावते ती बाभळीच्या खोडावर. लाकूड ओलं निघालं की रात्रभर धूर खायचा.

सुख आहेच. घाटे भरले की हरभरा झाडासकट उपटून तुराट्यांच्या जाळावर धरायचा. पाला जळून जातो, घाटे आतल्या आत वाफवले जातात. हा होळा राखेतून वेचून खाताना हात-तोंड काळं होतं. शेजारच्या वावरातला माणूस येऊन टेकतो. सोयरिकी, कापसाचा भाव, कोणाची विहीर आटली, सगळं तिथंच कळतं.

मग कुत्रं भुंकतं आणि उठावं लागतं. हातात बॅटरी, काठी आणि वाजवायला पत्र्याचा डबा. दवानं भिजलेल्या हरभऱ्यातून चालताना आंब पायाला लागते. ती आम्लच असते; टाचेच्या भेगांत गेली की आग आग होते. परत येऊन बसावं तर पाठ भाजते आणि छाती गारठते. कृषीपंपाची वीज रात्रपाळीची असेल तर ओलितही त्याच अंधारात, गार पाण्यात उभं राहून.

यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात कॉलर असलेला वाघ तेराशे किलोमीटरहून जास्त चालून डिसेंबर २०१९ मध्ये ज्ञानगंगेत आला. त्याचं देशभर कौतुक झालं. जागलीवर त्या हंगामात शेकोटीत लाकूड जास्त पडू लागलं.

रोही आता उजेडालाही फारसा बिचकत नाही. डब्याच्या आवाजानं चार वावरं पलीकडे जातो आणि तासाभरानं परततो. म्हणजे जागल पीक राखते असं म्हणण्यापेक्षा नुकसान शेजाऱ्याकडे ढकलते, हे जास्त खरं. सगळ्यांनी मिळून घातलेलं कुंपण आणि दिवसाची वीज, यांशिवाय हे थांबणार नाही.

हंगाम संपल्यावर मामा वहीत बियाणं, खत, फवारणी, मजुरी लिहितात. जागलीच्या रात्री त्या वहीत नसतात. त्या मांडल्या, तर हरभरा परवडला असं म्हणायची सोय राहणार नाही.