फलाटावरचा चहा आणि कचेरीतला शेरा

चांदूर रेल्वेच्या फलाटावर रात्रीच्या गाडीची प्रतीक्षा करताना घेतलेला चहा झोप लांबवतो, तो थकव्याची वर्दी मेंदूपर्यंत पोहोचू न देऊन; परंतु ज्या मेफेड्रोनला, म्हणजे बोलीतल्या ‘एमडी’ला, सरकारने २०१५ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले, ते डोपामिनच्या कोठारालाच हात घालते. डोपामिन हा मेंदूच्या कचेरीतला बारनिशी कारकून समजावा, महत्त्वाच्या कागदावर तेवढा ‘तातडीचे’ असा शेरा मारणारा. एमडीच्या अमलाखाली तो सरसकट शेरे मारत सुटतो, आणि मग शेजाऱ्याची कुजबुज, दारावरून गेलेली सायकल, कुत्र्याचे भुंकणे, सारेच आपल्याविरुद्धच्या कटाचे पुरावे ठरतात; घरचे मात्र बाहेरची बाधा समजून मोलाचे दिवस दवडतात. पुढे मेंदू त्या शेऱ्यांना दाद देईनासा होतो, साध्या सुखाचा कागद तसाच पडून राहतो, आणि पुन्हा पुडी लागते. ती सुटल्यावर बहुतेकांचा भ्रम काही दिवसांत वा आठवड्यांत ओसरतो. काहींचा दीर्घकाळ टिकतो.