व्हॅलेंशिया बेटावरील फुटबॉलपटू

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जो खेळ उभा राहतो, त्याहून वेगळा असा एक फुटबॉल आयर्लंडमध्ये मोठ्या प्रेमाने खेळला जातो. त्यास गेलिक फुटबॉल म्हणतात. त्या खेळातील एका थोर खेळाडूची, केरी परगण्यातील मिक ओकॉनेल यांची, कारकीर्द आज समजून घ्यावयाची आहे. परंतु खेळ कळल्यावाचून खेळाडू कळत नाही. म्हणून प्रथम खेळाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे.

या खेळात प्रत्येक बाजूस पंधरा गडी असतात. चेंडू हाताने झेलता येतो, मुठीने किंवा पायाने पुढे धाडता येतो. मात्र तो हाती घेऊन चार पावलांहून अधिक धावता येत नाही. त्यापूर्वी तो जमिनीवर आपटून परत घ्यावा लागतो, किंवा पायाच्या चवड्याने उडवून पुन्हा हाती घ्यावा लागतो. दोन उंच खांब आणि त्यांना जोडणारी एक आडवी दांडी, असे गोलाचे स्वरूप असते. दांडीखालून चेंडू गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. ओकॉनेल यांच्या काळी दांडीवरून, खांबांच्या मधून गेला तर एक गुण मिळे.

मैदानाच्या मध्यभागी प्रत्येक संघाचे दोन गडी उभे असतात. ओकॉनेल यांच्या काळी गोलरक्षक चेंडू लाथेने दूर मध्यावर धाडी, आणि तेथे हे चौघे एकाच वेळी आकाशाकडे झेपावत. ज्याचे हात सर्वांच्या वर जातील त्याचा चेंडू. आणि ज्याचा चेंडू त्याच्या संघाची चढाई. सारांश, मध्यावरील खेळाडू म्हणजे संघाचा कणाच. त्याच्या अंगी उडी हवी, झेल हवा, आणि पाय जमिनीला लागताच दूरच्या सहकाऱ्यापर्यंत चेंडू अचूक पोहोचविण्याचे कसबही हवे. हे तिन्ही गुण ओकॉनेल यांच्या ठायी एकत्र आले होते. त्यांना डावा आणि उजवा असे दोन्ही पाय सारखेच वश होते.

त्यांचा जन्म १९३७ साली झाला. आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगतचे व्हॅलेंशिया हे छोटे बेट त्यांचे गाव. १८६६ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी घातलेली तार याच बेटावरून अमेरिकेकडे गेली होती. त्या तारेच्या ठाण्यात तरुण ओकॉनेल नोकरीस होते. १९६६ साली ते ठाणे बंद झाले. बेटाला जोडणारा पूल १९७०-७१ च्या सुमारास झाला. तोवर सरावास किंवा सामन्यास जावयाचे म्हणजे होडी वल्हवून खाडी पार करावयाची, मग रस्त्याने कित्येक मैल जावयाचे, आणि खेळ संपल्यावर काळोखात तसेच परत यावयाचे. डब्लिन येथील क्रोक पार्क हे मुख्य मैदान तर साडेतीनशे किलोमीटरांहून दूर.

आणि हे सर्व वेतनावाचून! या खेळाचे नियमन करणारी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही संस्था १८८४ साली थर्ल्स या गावी स्थापन झाली. परकीय सत्तेच्या काळात देशी खेळ जिवंत राहावेत हा तिचा हेतू होता. खेळाडूने खेळासाठी मोबदला घेऊ नये, हे तिचे मूलतत्त्व आहे. क्लब असतो तो बहुधा एका धर्मग्रामाचा, आणि त्यांतून निवडलेला संघ परगण्याचा. त्यामुळे सोमवारी सकाळी दुकानात, शेतावर किंवा शाळेत जो भेटतो तोच रविवारी हजारोंच्या पुढे खेळलेला असतो. गावाने त्याला लहानपणापासून पाहिलेले असते. पैशाने विकत आणलेल्या खेळाडूविषयी असा जिव्हाळा वाटणे कठीण.

ओकॉनेल १९५६ पासून केरीच्या वरिष्ठ संघात खेळू लागले. केरीत अशी रूढी होती की, परगण्याची स्पर्धा जिंकणाऱ्या संघाने पुढील वर्षीचा कर्णधार सुचवावा. १९५८ ची स्पर्धा साऊथ केरी संघाने जिंकली आणि १९५९ चे कर्णधारपद बाविसाव्या वर्षी ओकॉनेल यांच्याकडे आले. त्या वर्षी अंतिम सामन्यात केरीने गॉलवेचा पराभव केला. दुखापतीमुळे त्यांना सामना संपण्यापूर्वीच मैदान सोडावे लागले होते. असे सांगतात की, विजयोत्सवासाठी न थांबता ते त्याच रात्री घराकडे निघाले, आणि मानाचा सॅम मॅग्वायर चषक मात्र कपडे बदलण्याच्या खोलीतच राहून गेला. ही कथा आयर्लंडमध्ये इतकी रुजली आहे की ओकॉनेल यांचे नाव निघाले की ती आलीच.

पुढे १९६२, १९६९ आणि १९७० साली केरीने अजिंक्यपद मिळविले, तेव्हाही ते संघात होते. १९६२ चा अंतिम सामना आयरिश दूरचित्रवाणीने प्रथमच मैदानावरून थेट दाखविला. १९७० चा अंतिम सामना प्रथमच साठऐवजी ऐंशी मिनिटांचा झाला, आणि तेहेतीस वर्षांचे ओकॉनेल त्यातही मध्यावरच खेळले. मात्र दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. १९६०, १९६४, १९६५, १९६८ आणि १९७२ या पाच वर्षी केरीचा संघ अंतिम फेरीत हरला. म्हणजे जय चार आणि पराजय पाच! तरीही १९८४ साली संस्थेच्या शताब्दीनिमित्त शतकातील सर्वोत्तम संघ निवडला गेला, तेव्हा मध्यावरील एक जागा त्यांना मिळाली. दुसरी जागा मिळालेले जॅक ओशे हे खाडीपलीकडच्या काहर्सिव्हीन गावचे. १९९९ साली सहस्रकाचा संघ निवडण्यात आला, त्यातही ओकॉनेल होतेच.

हा मान केवळ चषक मोजून मिळत नाही. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘केरीचा एक फुटबॉलपटू’ अशा अर्थाचे साधे नाव दिले. चेंडू नीट झेलणे आणि नीट मारणे यातच त्यांना खेळाचे सार वाटे. जयघोष ही त्यामागून येणारी गोष्ट. पुढे गोलरक्षक जवळच्या गड्याकडेच हळू चेंडू देऊ लागले आणि उंच झेल दुर्मिळ होऊ लागला. तेव्हा २०१७ साली, गोलरक्षकाने धाडलेला चेंडू मध्यावर स्वच्छ झेलणाऱ्यास अडथळ्यावाचून लाथ मारण्याची मुभा देणारा नियम करण्यात आला. २०२५ मध्ये गोलरक्षकाने चेंडू चाळीस मीटरांच्या कमानीपलीकडे धाडलाच पाहिजे असे ठरले. जी कला एका बेटावरच्या तरुणाने वेतनावाचून जोपासली, ती टिकावी म्हणून पुढच्या पिढीस नियम करावे लागले. ओकॉनेल यांच्या थोरवीचे याहून बोलके प्रमाण कोणते द्यावे?