कसरती उड्डाणशैली व दूरनियंत्रित प्रतिकृती विमानाची निवड : सोलापूरच्या संदर्भात

प्रस्तावना : एन.सी.सी.च्या हवाई शाखेच्या प्रशिक्षणात एरोमॉडेलिंगचा समावेश असतो. त्यासाठी विमान निवडताना किमतीपेक्षा उड्डाणशैलीचा विचार प्रथम होणे आवश्यक आहे.

विमानांचे प्रकार :
१) प्रशिक्षण विमान : याचे पंख धडाच्या वर व टोकांकडे किंचित उचललेले असतात. कललेले विमान आपोआप सरळ होते. नवशिक्याला उपकारक असलेला हाच गुण कसरतीत अडसर ठरतो.
२) अचूक कसरतीचे विमान (एफ३ए) : पंखाचा छेद सममित असल्याने ते सुलटे व उलटे सारखेच उडते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पंखविस्तार व लांबी प्रत्येकी २ मीटरपर्यंत असते.
३) थ्रीडी विमान : मोठी नियंत्रक पृष्ठे, हलके वजन व वजनाहून अधिक प्रणोद यांमुळे ते हवेत उभे लटकू शकते.

स्थानिक घटक : सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंचीवर आहे. ४० अंश तापमानात येथील हवेची घनता प्रमाण घनतेपेक्षा सुमारे १३ टक्के कमी भरते. परिणामी उड्डाणासाठी लागणारा किमान वेग सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. प्रमाण हवेत वजनाच्या १.१ पट प्रणोद देणारा पंखा तितक्याच फेऱ्यांत येथे ०.९६ पटच प्रणोद देतो. असे थ्रीडी विमान उन्हाळ्यात लटकू शकणार नाही.

जागेची निवड : ड्रोन नियम, २०२१ नुसार कार्यरत विमानतळाच्या हद्दीपासून ८ कि.मी.पर्यंत परवानगीविना उड्डाण करता येत नाही. होटगी रस्त्यावरील विमानतळामुळे शहरातील बहुतेक मैदानांना ही मर्यादा लागू होते.

निष्कर्ष : प्रशिक्षण, अचूक कसरत व थ्रीडी हा क्रम पाळावा आणि प्रणोद उन्हाळी हवेच्या हिशेबाने ठरवावा.