कडाक्याची थंडी आणि मारलेला ससा

अलास्काच्या कडाक्याच्या थंडीत ससा मारला, म्हणजे तो आपोआप टिकणार, असे वाटणे साहजिक आहे. पण हिवाळ्यातली दाट लव शरीराची ऊब धरून ठेवते, गोधडीत गुंडाळलेल्या भाताच्या पातेल्यासारखी. कान ताठरले तरी पोट बराच वेळ गरम राहते आणि आतड्यांतले जिवाणू आपले काम चालूच ठेवतात. म्हणून फील्ड ड्रेसिंग (शिकारीच्या जागीच पोट चिरून आतडी काढणे) थंडीतही लगेच करायचे. चीर उथळ हवी. आतडे फुटले तर मांस नासते. उशीर झाला की गोठलेले कातडे सोलणेही जिकिरीचे, हे वेगळेच. हातमोजे मात्र लोकरीचे नव्हेत, रबरी हवेत: सशापासून माणसाला ट्युलरेमिया (जिवाणूंमुळे येणारा ताप) होऊ शकतो. गोठवल्याने तो जिवाणू खात्रीने मरत नाही. मांस पुरते शिजवावेच लागते.