भेंडोळ्यावरची माणसं

ब्रिटनमधल्या गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झालेल्या लढ्यावर मायकेल ॲप्टेड यांनी २००६ साली ‘अमेझिंग ग्रेस’ हा चित्रपट केला. त्यातला एक प्रसंग विसरता येत नाही. भर पार्लमेंटात कागदाचं भलंमोठं भेंडोळं उलगडलं जातं आणि या व्यापारावर बंदी मागणाऱ्या सह्यांनी भरलेला कागद खासदारांच्या पायांशी लांबच लांब पसरत जातो. पण त्या सह्या करणारी माणसं कोण, हे चित्रपट विचारत नाही. त्याचं सगळं लक्ष विल्यम विल्बरफोर्स या एका खासदाराकडे: त्यांचं आजारपण, त्यांची श्रद्धा, पंतप्रधान पिट यांच्याशी असलेली मैत्री. मला वाटतं, त्या लढ्याचा प्राण सह्या करणाऱ्यांत होता, आणि चित्रपटाच्या हातून नेमकं तेच निसटलं.

हा व्यापार बंद पाडण्यासाठी १७८७मध्ये लंडनच्या एका छापखान्यात बाराजण जमले. त्यातले नऊ क्वेकर पंथाचे, म्हणजे त्या काळी पार्लमेंटात बसण्याची सोयच नसलेले. त्या बारांपैकी थॉमस क्लार्कसन ब्रिस्टल, लिव्हरपूलच्या बंदरांत फिरले, खलाशांना बोलतं केलं, दुकानातून बेड्या आणि अंगठे पिळायचे स्क्रू विकत आणले. गुलाम वाहून नेणाऱ्या ‘ब्रुक्स’ जहाजाचं चित्र छापलं गेलं. जहाजाच्या पोटात फळीला फळी लावावी तशी ४८२ माणसं निजवलेली. प्रत्येक पुरुषाला सहा फूट लांब आणि जेमतेम सोळा इंच रुंद जागा. चित्र खोटं ठरवावं तर हेच जहाज पूर्वी ६०९ माणसं घेऊन गेलं होतं! ओलाउदा एक्वियानो यांनी स्वतःची गुलामीची कहाणी लिहिली आणि गावोगावी जाऊन विकली. ज्यांना मत नव्हतं त्या बायकांनी गुलामांनी पिकवलेली वेस्ट इंडीजची साखर घरात येऊ दिली नाही.

यावर कुणी म्हणेल, सह्यांनी कायदा होत नाही. वर्षानुवर्षं विधेयक मांडणारा माणूस लागतो. विल्बरफोर्स यांची चिकाटी खरीच, तिच्यावाचून १८०७चं २८३ विरुद्ध १६ हे मतदान दिसलं नसतं. पण आकडे पाहा. १७९१मध्ये त्यांचा प्रस्ताव ८८ विरुद्ध १६३ मतांनी पडला. पुढच्या वर्षी देशभरातून ५१९ अर्ज आले, एकट्या मँचेस्टरमधून वीस हजारांवर सह्या. त्याच सभागृहाने तेव्हा हा व्यापार ‘हळूहळू’ बंद करण्याचं २३० विरुद्ध ८५ मतांनी मान्य केलं. वक्ता तोच, खासदार तेच. मधल्या काळात बदललं ते बाहेरचं वातावरण. पुढे फ्रान्सशी युद्ध आणि उमरावांचं सभागृह आडवं आलं, म्हणून पंधरा वर्षं गेली.

दोन तासांच्या चित्रपटाला एक नायक लागतो, हेही मान्य. तरी १८०७ला पडदा पाडणं खटकतं, कारण तेव्हा बंद झाला तो व्यापार. वसाहतींतल्या मळ्यांवर गुलाम तसेच राबत राहिले. १८३१च्या नाताळात जमैकात त्यांनी उठाव केला, तो चिरडला गेला, आणि दोन वर्षांत मुक्तीचा कायदा आला. त्यात दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. राबलेल्यांच्या हाती दमडी पडली नाही.

हा इतिहास दुसऱ्या तऱ्हेनेही आठवता येतो, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. अमेरिकेतली गुलामी संपल्यावर १८७३मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं, ते अर्पण केलं तिथल्या कुणा एका नेत्याला नव्हे, तर त्या देशातल्या सदाचारी लोकांना.