वाशिष्ठीची खाडी होते कुठे?

चिपळूणच्या पुलावर उभं राहून खाली वाहणाऱ्या पाण्याचं नाव विचारलं, तर कोणीही सांगेल, वाशिष्ठी. तेच पाणी पुढे दाभोळच्या बंदरात पोचतं तेव्हा मात्र तिथल्या माणसाच्या तोंडी एकच शब्द असतो, खाडी. मधल्या चाळीसेक किलोमीटरमध्ये नदीचं नाव नेमकं कुठे गळतं?

याचं उत्तर भरती देते. चंद्राच्या ओढीने चढलेलं समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा पार चिपळूणलगतच्या गोवळकोटपर्यंत येतं. म्हणून तर डोंगराच्या इतक्या जवळ चिपळूणला बंदर मिळालं. भरतीवर गलबतं आत यायची आणि ओहोटीबरोबर बाहेर पडायची. मराठा आरमाराचे तुळाजी आंग्रे यांनी १७४५ मध्ये या खाडीची दोन्ही टोकं घेतली, तेव्हा आतल्या गोवळकोटाचा गोविंदगड झाला आणि मुखाशी असलेल्या अंजनवेलचा गोपाळगड.

कोकणात बहुतेक ठिकाणी नदी आणि खाडीची अशीच जोडनावं आहेत. सावित्रीची बाणकोट खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, मुचकुंदीची पूर्णगड खाडी. मला यात दोन नजरा दिसतात. सह्याद्रीकडून पाहणाऱ्यांनी नद्यांना ऋषींची, देवतांची नावं दिली. समुद्राकडून येणाऱ्या खलाशाला आधी बंदर किंवा किल्ला दिसे, म्हणून खाडी त्याच्या नावाने ओळखली गेली. रशियन व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात परतीच्या वाटेवर दाभोळहूनच जहाजात चढला, तेव्हा या बंदराचं नाव दूरवर पोचलेलं होतं. त्या नावाचं वजन असं, की १९९० च्या दशकात पलीकडच्या काठावर, गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ उभा राहिलेला वीजप्रकल्पही जगाला ‘दाभोळ’ म्हणूनच ठाऊक झाला.

खाडीचं वय तिच्या नावाहून कितीतरी मोठं. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. किनारा दूर पश्चिमेला होता आणि नद्या आणखी पुढे वाहत जात. बर्फ वितळलं, समुद्र वर चढला आणि नदीच्या दरीत शिरला. नदीने कोरलेली आणि समुद्राने बुडवलेली दरी म्हणजेच ही खाडी. ती नदीसारखी वळणं घेत जाते, तिच्या काठाशीच डोंगर उभे राहतात, ते त्यामुळे.

खारं पाणी जड, म्हणून ते तळाशी पाचरीसारखं आत घुसतं आणि गोडं पाणी त्याच्यावरून वाहतं. पावसाळ्यात नदी ही पाचर समुद्राकडे रेटते. उन्हाळ्यात कोकणातल्या नद्या आटतात आणि खारटपणा आत सरकतो. वाशिष्ठीचं मात्र १९६० च्या दशकापासून वेगळं झालं. कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाणारं कोयनेचं पाणी बोगद्यांतून पोफळीला उतरलं, वीज देऊन वाशिष्ठीत आलं. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादाने या पश्चिमेकडे वळवलेल्या पाण्याची मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) ठरवली. त्यामुळे भर उन्हाळ्यातही ही नदी गोडं पाणी घेऊन खाडीत येते.

पावसाळ्यात मात्र नदी आणि समुद्र समोरासमोर आले की चिपळूण शहराचा जीव टांगणीला लागतो. २२ जुलै २०२१ ला शहर पुरात बुडालं, तेव्हा डोंगरात पाऊस कोसळत होता आणि पौर्णिमेचं उधाण तोंडावर होतं. पुराला वाट हवी होती, तेव्हाच खाडी भरत होती. चिपळूणमध्ये आजही मुसळधार पाऊस लागला, की माणसं आधी भरतीची वेळ विचारतात.